सगळे दिवे एकदम लागले म्हणजे ईसीएम जळाला असे नव्हे : महामार्गावर माझी २६,५०० रुपयांची फसवणूक

पुणे-बंगळूरु महामार्गावर शिरवळ ओलांडल्यानंतर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, एका गॅरेजवाल्याने ‘ईसीएम, म्हणजे इंजिनचे काम नियंत्रित करणारा संगणकी बोर्ड, जळाला’ असे सांगून माझ्याकडून २६,५०० रुपये उकळले. गाडीत खरोखर जो दोष होता, तो पुढे कोल्हापुरातील एका वायरिंगवाल्याने दहा नंबरच्या पान्याने ३५० रुपयांत दूर केला. पावसाळ्यात घरच्यांना घेऊन या रस्त्याने जाणाऱ्यांनी सावध राहावे, म्हणून घडले ते रकमांसह लिहीत आहे.

संध्याकाळ होत आली होती, पाऊस कोसळत होता, आणि वायपर, हेडलाइट, काचेवरचा ब्लोअर असे सगळेच चालू होते. आधी बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लुकलुकला. मग काही क्षणांतच एबीएस (जोरात ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, एअरबॅग आणि चेक इंजिन असे दिवे एकापाठोपाठ लागले आणि स्टिअरिंग जड झाले. मागच्या सीटवर चौऱ्याहत्तर वर्षांची आई, पुढे घाट. अशा वेळी जे पहिले गॅरेज दिसेल तिथे गाडी वळवणे यात कोणताही भोळेपणा नाही. कंपनीच्या रस्ता-मदत क्रमांकावर फोन केला होता, परंतु मदतीची गाडी येण्यास बराच वेळ लागेल असे उत्तर मिळाले. घरी बसून ‘थोडे थांबायचे होते’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तेथील मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला आणि टॅबच्या पडद्यावर लाल अक्षरांतील, दोष सांगणाऱ्या कोडांची लांबलचक यादी माझ्यासमोर धरली. “साहेब, ईसीएममध्ये पाणी गेलंय, बोर्ड जळालाय. घाटात एअरबॅग आपोआप उघडली तर आईंचं काय होईल, विचार करा,” हे त्याचे शब्द. एअरबॅगचा दिवा लागतो तेव्हा ती यंत्रणा बहुधा बंद पडलेली असते, म्हणजे अपघातात एअरबॅग उघडणार नाही अशी भीती असते. ती चालत्या गाडीत आपोआप उघडेल असा त्या दिव्याचा अर्थ नाही. हे मला नंतर समजले. त्या क्षणी आईने माझा हात धरला होता.

हिशेब असा झाला : ईसीएम बदलण्याचे १८,५०० रुपये, एबीएस सेन्सरचे ४,२००, स्कॅनिंगचे १,२०० आणि मजुरीचे २,६००. पावती म्हणून वहीतला एक फाडलेला कागद मिळाला, ज्यावर ना गॅरेजचे नाव, ना जीएसटी क्रमांक, ना बदललेल्या भागाचा क्रमांक. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले तो गॅरेजच्या नावाचा नसून भलत्याच व्यक्तीच्या नावाचा निघाला. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल, तर तिथेच थांबून खुलासा मागावा.

आता ज्या क्षणामुळे आजही झोप उडते त्याविषयी. मिस्त्री आत ‘शिरवळहून ईसीएम मागवतो’ असे कोणाला तरी फोनवर सांगत असताना त्याच्याकडील पोरगा बॉनेटमध्ये वाकला होता. इंजिन चालूच होते. त्याने बॅटरीपाशी काहीतरी हलवले आणि मीटरवरचे बहुतेक दिवे विझले. मी ते स्वतः पाहिले. लगेच आतून “ए, हात काढ!” अशी आरोळी आली, पोरगा मागे सरकला आणि दिवे पुन्हा लागले. “जळालेला बोर्ड असाच खेळ करतो साहेब,” असे मिस्त्री म्हणाला. नवा भाग यायच्या आधी दिवे विझले होते, तेही बॅटरीची तार हलवल्यावर, आणि संपूर्ण उत्तर त्या दोन सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर उघडे पडले होते. पण ज्याचा व्यवसाय विपणनाचा आहे त्या माझ्यासारख्या माणसाने भर पावसात, आई गाडीत असताना, मिस्त्रीच्या तोंडावर ‘तू खोटे बोलतोस’ असे कोणत्या बळावर म्हणायचे होते?

दुसरी गोष्ट तर त्याहून उघड होती. इंजिन चालू होते. आजच्या पेट्रोल गाडीत इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा द्यायची हे ईसीएम ठरवतो. तो जळाला असता, तर गाडी गॅरेजपर्यंत आलीच नसती. शिवाय स्कॅनरवरचे काही कोड खुद्द त्या ईसीएमनेच पाठवलेले होते. मेलेल्या बोर्डाने आपले दुखणे स्वतः कसे सांगितले?

कोल्हापुरात पोचल्यावर काही दिवसांतच तेच दिवे पुन्हा लागले. तिथल्या वायरिंगवाल्याने स्कॅनर काढलाच नाही. आधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बॅटरीला लावला. इंजिन बंद असताना चांगल्या चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. माझ्या गाडीत मीटरच्या सुया बॅटरीच्या खांबावर टेकवल्या की एक आकडा येई आणि तारेच्या क्लॅम्पवर टेकवल्या की दुसरा, आणि क्लॅम्प हलवला की तोही नाचे. निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार चढला होता, आणि क्लॅम्प घट्ट बसावा म्हणून आत पत्र्याची एक घडी घातलेली पाचर ठोकली होती. ती पाचर पकडीने काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. मी २६,५०० रुपये मोजून जे विकत घेतले ते एवढेच होते. त्याने गरम पाण्याने क्षार धुतला, काचपेपरने खांब चकचकीत केला, बॉडीला जाणारी अर्थिंगची तार सोडवून साफ केली आणि सगळे आवळले. त्यानंतर दिवे लागलेले नाहीत.

त्या संध्याकाळी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मी काढला होता, आणि तोच आता माझा सर्वांत बळकट पुरावा आहे. यादीत यू०१०० होता, ज्याचा अर्थ ईसीएमशी संपर्क तुटला एवढाच, ‘ईसीएम बदला’ असा नव्हे. आणि तळाशी पी०५६२ होता : यंत्रणेतील व्होल्टेज कमी. व्होल्टेज कोसळले की गाडीतील एकेक नियंत्रक गोंधळतो, एकमेकांचे संदेश चुकतात आणि प्रत्येकजण आपापला दिवा लावतो. मिस्त्रीने पडदा सरकवताना तळाच्या ओळीच्या काही भागावर अंगठा ठेवला होता, हे फोटोत दिसते. ईसीएमच्या पेटीवरचे बोल्ट मुळात कधी सोडलेच गेले नव्हते, त्यांच्यावरची धूळ आणि रंगाची खूण जशीच्या तशी होती. बहुतेक गाड्यांत ईसीएम बदलला तर चावी इमोबिलायझरशी, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी, पुन्हा जुळवावी लागते. माझी चावी तर सगळा वेळ गाडीतच होती आणि तिच्याबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही. जुना भाग हातात दिल्याशिवाय पैसे देऊ नका.

यानंतर सरकारी दारे ठोठावण्यास सुरुवात केली, आणि तो मनस्ताप पहिल्यापेक्षा मोठा ठरला. एका पोलीस ठाण्यात सांगितले की घटना आमच्या हद्दीतील नाही. जिथली हद्द होती तिथे सांगितले की तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे. वास्तविक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता घ्यावी लागते. हे मी कागदावर लिहून नेले, तर तो कागद वाचण्याची तसदीही कोणी घेतली नाही. परिवहन कार्यालयात गेलो, तर खासगी गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाहीत असे ऐकले. मग ती कोणाच्या अखत्यारीत येतात? बँकेने लिहून दिले की व्यवहार तुम्ही पिन टाकून केला आहे, त्यामुळे तो फसवणुकीत मोडत नाही. ग्राहक मदत क्रमांकावर नोंदवलेली तक्रार ‘समोरच्याकडून प्रतिसाद नाही’ या शेऱ्यासह बंद झाली, जणू ठकाने उत्तर दिले नाही हा त्याचा बचाव होय! कोणी एकाने तरी तो फोटो पाहून ‘हे चूक आहे’ एवढे म्हणायला हवे होते. प्रत्येक टेबलावर मात्र आरोपी मीच होतो, आणि प्रश्न एकच होता : पैसे दिलेतच कशाला?

लाल दिवा आणि पिवळा दिवा यांतला फरक घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला शिकवा. ऑइल प्रेशर, इंजिनचे तापमान किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला तर लगेच सुरक्षित जागी थांबायचे. एकटा पिवळा एबीएस दिवा लागला तर साधे ब्रेक सहसा चालतात, गाडी जपून पुढे नेता येते. अनेक दिवे एकदम लागले, तर इंजिन बंद करून आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलत असतील तर बहुधा दोष तिथेच आहे. डिकीत दहा नंबरचा पाना आणि एक साधा मल्टिमीटर ठेवा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा, त्याच रंगाचा टाका. तार गुंडाळून काम भागवणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

माझी तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. रीतसर बिल न देणे हीदेखील त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून कच्चा कागद, यूपीआयचा तपशील, स्कॅनरचा फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचे लेखी मत यांतले काहीही फेकू नका. शिरवळ ते खंबाटकी या पट्ट्यात ज्यांच्याकडून ‘ईसीएम जळाला’ असे सांगून पैसे घेतले गेले असतील, त्यांनी आपापला कागद शोधून ठेवावा. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते, आणि मी ती मागणार आहे.