सोसायटीसाठी केबल सेवेची निवड : प्रतापनगरमधील आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या प्रतापनगरमधील आमच्या 64 सदनिकांच्या सोसायटीला सेवा देणाऱ्या केबलचालकाने व्यवसाय बंद केल्यामुळे, गच्चीवर आणि डक्टमधून केबल टाकण्याची परवानगी आता कोणाला द्यावी, हा प्रश्न गेल्या मे महिन्यात व्यवस्थापक समितीसमोर आला आणि त्यासाठी दोन अर्ज आले. ज्याला हवी त्याने स्वतःची डीटीएच छत्री लावावी, ही मुभा होतीच. परंतु बहुतेक घरांतील ज्येष्ठांना लोकल चॅनेलसह केबलच हवी होती. समितीचा सचिव या नात्याने दोन्ही अर्जांची छाननी माझ्याकडे होती. अर्जदारांची नावे येथे देत नाही.

पहिला अर्जदार मोठ्या जाळ्याचा होता. नवे फायबर, मोफत जोडणी आणि इंटरनेटसह एकत्रित दर असा त्याचा प्रस्ताव होता. दुसरा नागपुरातच कंट्रोल रूम असलेला लहान एमएसओ (अनेक वाहिन्यांचे सिग्नल एकत्र करून केबलने पुरवणारी कंपनी) होता आणि त्याच्या जोडणीचे शुल्क प्रत्येक घरामागे 500 रुपये होते. मासिक दर ताडून पाहताना मात्र सावध राहावे लागले, कारण नेटवर्क कपॅसिटी फीवर (वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याच्या मासिक शुल्कावर) 200 चॅनेलपर्यंत असलेली 130 रुपयांची कमाल मर्यादा ट्राय या नियामक संस्थेने जुलै 2024 मध्ये उठवली आहे आणि त्यामुळे केवळ पॅकची किंमत पाहून चालत नाही. दोघांकडून करासह पूर्ण बिलाचा नमुना मागवल्यावर फरक महिन्याला जेमतेम 20 रुपयांचा निघाला.

समितीत सर्वांत आधी पुढे आलेला युक्तिवाद, “मालक आपल्याच शहरातला आहे,” हा होता. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने एकाच रेडिओ किंवा टीव्ही केंद्राच्या परवान्यासाठी आलेल्या अर्जदारांची तुलना करण्याकरिता 1965 मध्ये निकष जाहीर केले, तेव्हा मालकी मोजक्या हातांत एकवटू नये आणि मालकाने केंद्राच्या रोजच्या कामात स्वतः असावे, या दोन गोष्टींना मोठे वजन दिले होते. त्यांतील दुसरा निकष तेथील न्यायालयाने 1993 मध्ये रद्द केला, कारण मालक जातीने हजर असला की सेवा सुधारते, याला आयोगाकडे पुरावा नव्हता. पुढे 1997 च्या कायद्याने व्यावसायिक केंद्रांच्या अशा परवान्यांसाठी लिलावच आणला. न्यायालयाचा तो आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून आम्ही दोघांकडेही एकच गोष्ट मागितली : नागपुरातील कोणत्याही एका इमारतीची मागील तीन महिन्यांची तक्रार नोंद.

पहिल्या अर्जदाराच्या प्रतिनिधीने ही माहिती मुख्य कार्यालयात असते असे सांगितले आणि दोन स्मरणपत्रांनंतरही बैठकीच्या दिवसापर्यंत ती आली नाही. दुसऱ्याकडे मी भर उन्हात, दुपारी दोन वाजता गेलो. बाहेरच्या खोलीत वाळ्याचा कूलर सुरू होता, आतील यंत्रांच्या खोलीला मात्र वेगळा एसी होता आणि दारावर तापमान लिहिलेला कागद दर दोन तासांनी भरलेला होता. तक्रारीची नोंदवही साधी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तक्रारीची वेळ, दुरुस्तीची वेळ, कारण आणि ग्राहकाची सही. “स्प्लिटर जळाला”, “माकडांनी वायर तोडली”, अशा नोंदींपैकी बहुतेक त्याच दिवशी निकाली निघालेल्या होत्या. एका पानावर मात्र, सिमेंट रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्याने संपूर्ण गल्ली चार दिवस बंद होती, असे स्पष्ट लिहिलेले होते. ते पान त्यांनी लपवले नाही, आणि माझे मत तेथेच ठरले.

लोकल चॅनेलची नोंदणीही तपासली. केबलचालकाच्या स्वतःच्या अशा वाहिन्यांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून प्रत्येक वाहिनीची नोंदणी 1000 रुपये भरून करावी लागते आणि अशा वाहिन्या एकूण क्षमतेच्या 5 टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाहीत. या दुसऱ्या अर्जदाराची नोंदणी झालेली होती आणि समितीने परवानगी त्यालाच दिली.

आता त्याच्या सेवेविषयी. जुलैतील एका रात्री वीज कडाडली आणि डी विंगचा नोड (इमारतीत सिग्नल वाटणारे यंत्र) गेला. रात्री 9:40 ला केलेल्या तक्रारीवर 11:15 पर्यंत नवा पॉवर सप्लाय बसला, आणि तंत्रज्ञाने प्रत्येक मजल्यावर चित्र तपासूनच सही घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतील काळ्या-पिवळ्या मारबतीची (ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक लोकल चॅनेलवर थेट दिसली. गर्दीत जाणे आता शक्य नसलेल्या माझ्या 82 वर्षांच्या आईने “ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी खुर्चीत बसून, हात जोडून ऐकली. एवढ्या एका दुपारसाठीही ही निवड मला योग्य वाटते.

उणिवाही आहेत. लोकल चॅनेलवरील जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा फार मोठा असतो आणि खालच्या जाहिरात-पट्टीने अर्धे चित्र झाकले जाते. पावती कधीकधी आठवडाभर उशिरा येते. वरच्या तीन मजल्यांवर एचडी वाहिन्या अडकत होत्या. जुने कनेक्टर बदलल्यावर ते थांबले, पण ते काम जोडणीच्या वेळीच व्हायला हवे होते.

अर्जात तीन वर्षांची परवानगी मागितली होती, समितीने एकच वर्षाची दिली आहे. एप्रिलच्या बैठकीत नूतनीकरणाचा अर्ज येईल तेव्हा त्यासोबत आमच्याच इमारतीची नोंदवही मागवायची आणि ती सर्व सभासदांसाठी कार्यालयात ठेवायची, असे ठरले आहे.