मुलाचा अफ्रो: मोकळा ठेवावा की ट्विस्ट घालावेत?

घरात असे घट्ट वळणांचे, फुलून येणारे केस वाढत असतील तर ४बी-४सी हे कुरळेपणाचे प्रकार, सल्फेट नसलेला शाम्पू, रुंद दातांचा कंगवा हे सगळं तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. आम्ही लंडनला, बायको घानाची, मुलगा नऊ वर्षांचा. तिच्या रात्रपाळ्यांमुळे त्याच्या केसांचं खातं माझ्याकडे आलं आणि तीन वर्षांत मी दोन्ही करून पाहिलं.

ट्विस्टची बाजू खरंच भक्कम आहे. दोन बटांचा एकेक पीळ घालून ठेवला की टोकं एकमेकांत अडकत नाहीत, केस कमी तुटतात आणि लांबी दिसते. हे केस लांबीच्या बाबतीत भलतेच फसवे. ओली बट ओढली तर खांद्याला टेकते, वाळली की कानाच्या वर! शिवाय आठवडाभर सकाळी हात लावावा लागत नाही. केस वाढवायचेच असतील तर बहुधा हेच बरं.

माझं घोडं अडलं ते वाळण्यापाशी. रविवारी संध्याकाळी न्हाऊ घालायचं, गुंता सोडवायचा, मग दोन तास पीळ. तोवर पोराची मान अवघडलेली, माझी बोटं आखडलेली. सोमवारी सकाळी पीळ वरून खडखडीत, आतून दमट. तो उलगडला की मिनिटभर सुरेख नागमोडी बट दिसते. बस स्टॉपपर्यंत जाईतो सगळं फुगून ढग! केस ज्या आकारात वाळतो तो आकार धरतो, अर्धवट वाळलेला आपल्या मूळ वळणावर जातो. ड्रायर लावून पाहिला, तर पोरगं टाळू भाजते म्हणून रडायला लागलं. शनिवारी न्हाऊ घालावं तर क्रिकेट. मला तरी हे गणित सुटलं नाही. तुमचा हात जलद असेल तर सुटेलही.

मोकळ्या अफ्रोची कटकट वेगळी. झोपलेल्या बाजूने केस चपटे होतात, सॅटिनच्या उशीवरसुद्धा. पण पाण्याचा फवारा, थोडं लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर), आणि पिक, म्हणजे लांब दातांचा अफ्रो कंगवा, मुळाशी घालून नुसतं वर उचलायचं, टोकापर्यंत ओढायचं नाही. पाच मिनिटं. (केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात २०१३ साली अफ्रो कंगव्यांचं प्रदर्शन होतं. तिथे इजिप्तचे पाच हजारांहून जास्त वर्षं जुने कंगवे पाहिले. तेच लांब दात. आमच्या बाथरूममधल्या पिकचे पणजोबा.) गाठी मात्र मोकळ्यात जास्त होतात. शिवताना दोऱ्याला आपोआप बसते तशी एकाच केसाला गाठ. ती सुटत नाही, कापावीच लागते.

म्हणून कापणं महत्त्वाचं. केस कोरडे, पिकने फुलवलेले, रोज असतात तसे असतानाच कापून घ्या. एका न्हाव्याने ओले करून, विंचरून कापले होते. वाळल्यावर डावी बाजू दोन बोटं वर. आता बाजू बारीक, वर गोल भरगच्च. धुण्याचं कामही निम्मं झालं.

तेलाचं तेवढं सांगतो. आई चिपळूणहून खोबरेल आणते आणि मी सुरुवातीला ते कोरड्या केसांवर थापायचो. केस चकचकीत दिसायचे, हाताला काथ्या. टाळूचं तेल या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही हे खरं, पण त्यांना आधी पाणी हवं असतं. तेल किंवा शिया बटर त्यावर, ओलावा धरून ठेवायला. जावळ काढल्यावर केस सरळ येतील असंही आई म्हणाली होती. आता तीच फवारा मारून देते.

सासूबाई अक्राहून ऑगस्टमध्ये येतात. तेवढे दिवस ट्विस्ट. त्यांचा हात सुरेख आहे आणि शाळा नसल्यामुळे पीळ दुपारपर्यंत वाळत राहिले तरी चालतं. सप्टेंबरात परत पिक.