बोटांनी वाचायचे घड्याळ : ब्रॅडली टाइमपीस

माझ्या वडिलांचे उभे आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेले आणि साठीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. तुटलेला ताणा बोटांनी हुडकणाऱ्या या माणसाला वेळ मात्र दुसऱ्याला विचारावी लागे, याचे मला फार वाईट वाटे.

म्हणून मी त्यांच्यासाठी ब्रॅडली टाइमपीस हे बोटांनी वाचायचे मनगटी घड्याळ घेतले. या घड्याळाला काटे नाहीत. तबकडीवरील खाचेत फिरणारी पोलादी गोळी मिनिटे दाखवते, कडेच्या खाचेतील दुसरी गोळी तास दाखवते आणि दोन्ही आतल्या चुंबकांच्या ओढीने फिरतात. बाराच्या जागी त्रिकोणी उंचवटा आहे. तीन, सहा व नऊला लांब रेघा, बाकी ठिकाणी आखूड. वडील अंगठ्याने त्रिकोण शोधतात, मग तर्जनी कडेवरून फिरवतात. बोटाच्या दाबाने गोळी सरकली, तर मनगट हलकेच हलवताच ती जागेवर येते. त्यामुळे हाताळताना काही बिघडेल ही धास्ती त्यांना उरली नाही, आणि मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.

याआधी घेतलेले बोलके घड्याळ देवळातही मोठ्याने वेळ सांगे, म्हणून वडील ते घरीच ठेवत. शिवाय सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या चौकात कान वाहनांकडेच हवेत. डॉट वॉच या कोरियन घड्याळात ब्रेलचे २४ ठिपके वर-खाली होतात. पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा ब्रेल येत नाही, तशी ती वडिलांनाही येत नाही. कंपनाने वेळ सांगणाऱ्या घड्याळांत ठोके मोजत बसावे लागते. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात, तर मनगट ते कोपर या भागाला त्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागते. म्हणून इशारा मनगटाला आणि वाचन बोटाला, अशी विभागणी मला योग्य वाटते.

अफगाणिस्तानात २०११ मध्ये दृष्टी गमावून पुढच्याच वर्षी लंडन पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवणाऱ्या ब्रॅडली स्नायडर यांचे नाव या घड्याळाला दिले आहे.

रेघा पाच-पाच मिनिटांच्या असल्याने नेमके मिनिट अंदाजानेच कळते, गजर नाही, आणि परदेशातून मागवताना खर्च बराच येतो. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावली असेल, तर घेण्यापूर्वी ते वापरणाऱ्याच्या हाती देऊन रेघा नीट लागतात का, हे अवश्य पाहावे.