फिलिपिन्सच्या माजी सैनिकांना मिळणारी अंत्यविधीची मदत: माझं मत

मनिलात आमच्या शेजारच्या आजोबांचं निधन झालं, दुसऱ्या महायुद्धात पोरसवदा वयात जपान्यांविरुद्ध गनिमी लढाई लढलेले, आणि आजींसोबत फॉर्म भरायला मी बसले होते म्हणून लिहितेय. माजी सैनिकांचं सरकारी खातं अंत्यविधीसाठी 20,000 पेसो देतं, 2014 च्या कायद्याआधी तर फक्त 10,000 होते. मदत आहे हे खरंच चांगलं, पण इकडे कित्येक दिवस शव घरात नाहीतर फ्युनरल पार्लरमध्ये (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडे) ठेवून रात्र-रात्र जागरण असतं, येईल त्याला कॉफी-बिस्किटं, वर शवपेटी आणि जागेचा खर्च वेगळा, त्यात 20,000 कुठे पुरणार हो!

एक सांगते, फ्युनरलवाल्याची पावती अगदी जपून ठेवा. खर्च कोणी केला ते त्यावरूनच बघतात. आजींकडची पावती नातवाच्या नावावर होती, मग आधी त्यावरच बोलणं झालं.

अमेरिकेचं मात्र मला अजिबात पटत नाही. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणून 1941 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी या फिलिपिनो सैनिकांना अमेरिकन सैन्यात बोलावलं आणि 1946 मध्ये कायदा करून बहुतेक हक्क काढून घेतले. 2000 च्या कायद्यानंतर यांच्यातल्या अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्यांना अमेरिकेची अंत्यविधीची मदत पूर्ण दराने मिळायला लागली, पण फिलिपिन्समध्येच राहिलेल्यांना निम्मीच, अरे लढाई तर दोघांनी एकच लढली ना?

पाचपैकी तीन स्टार. रक्कम वाढवली तर आनंदाने पाच देईन.