त्र्यंबक ते पंढरपूर: दिंडी निवडताना मुक्काम आधी बघा

आळंदी-देहूच्या पालखीचे मुक्काम आमच्याकडे लहान पोरंही सांगतील. निवृत्तिनाथांच्या पालखीचं तसं नाही. ज्ञानोबांचे थोरले बंधू आणि गुरू, पण त्यांच्या वाटेची चौकशी करावी तर माहितगार माणूस सापडत नाही. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळ्याकडून पंढरपूर गाठायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. मधली कितीतरी गावं लहान, तिथे लॉज शोधून मिळायचा नाही. म्हणून आधी दिंडी बघा, चपला नंतर.

मी दोन वर्षं दोन दिंड्यांतून चालले. पहिल्या दिंडीत भजन फार गोड, पण सामानाचा ट्रक रोज मागे. दातलीचं रिंगण भरल्या डोळ्यांनी बघून खंबाळ्याला पोचलो, तर राहुट्यांचा पत्ता नाही. अंधार पडला, पाऊस आला. आम्ही बायका शाळेच्या ओट्यावर दाटीवाटीने बसून राहिलो. ट्रक आला तेव्हा वळकट्या चिंब. पुढे चार दिवस अंथरूण वाळलं नाही. जावेला ताप भरला, तिला राहुरीहून घरी पाठवावं लागलं. वारी अर्धी राहिली म्हणून ती एसटीत रडत बसली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

गेल्या वर्षी निफाडकडच्या दिंडीत नाव दिलं. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, 3,500 रुपये. त्यात दोन वेळची पंगत, चहा, ट्रक आणि राहुटी आली. पैसे भरायच्या आधी मी विचारलं, ट्रक मुक्कामाला कधी पोचतो? एका राहुटीत बायका किती? अंघोळीला आडोसा काय? तिथले काका म्हणाले, "माउली, दुपारची पंगत उठली की ट्रक हलतो. तुम्ही येईस्तोवर राहुट्या उभ्या असतात." आणि एकही दिवस त्यांचा शब्द खाली पडला नाही.

राहुट्या लावणारा पोरगा तर बघत राहावा असा. आधी पायाने जमीन दाबून बघायचा, उंचवटा धरून खुंट्या ठोकायचा, मग कुदळीने भोवती वीतभर चारी काढून तिचं तोंड उताराकडे सोडायचा. डोंगरगणला रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे काकड्याला उठले तर चारीतून पाणी वाहतंय आणि आमच्या सतरंजीचा काठसुद्धा कोरडा! मी त्या पोराला हात जोडले.

जेवण साधं, गरम, पोटभर. करमाळ्याकडे ऊन तापलं तेव्हा पाण्याचा टँकर विसाव्याला हजर असायचा. कमी पडली ती अंघोळीची सोय. 60 बायकांना ताडपत्रीचा एकच आडोसा, त्यामुळे पहाटे तीनपासून रांग. आणखी दोन तरी हवेत, हे मी पंढरपुरात काकांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सगळे दिवस जमत नसतील तर नगरला येऊन मिळा, पण दिंडीला आधी कळवा, म्हणजे राहुटीत जागा धरतात. वळकटी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, वरच्या पिशवीवर नाव आणि दिंडीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

यंदा नाव देताना जावेचं आधी लिहिलं. तिला राहुटीच्या दाराजवळची जागा सांगून ठेवलीय, रात्री उठायला बरी.