मंडईत यंदा कोणतं नाटक: चांदा १८५८, पुसद १९३० की चिमूर १९४२?

हलका धान कापायला आला की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या गावागावांत एकच विषय निघतो, यंदा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटक कोणतं? कौटुंबिक नाटकं पुष्कळ झाली, आता इंग्रजांविरुद्ध आपल्याच मुलखात जे घडलं त्यावर नवं काही लिहून बसवू, असं म्हणणाऱ्या हौशी मंडळांसाठी हे लिहितो आहे. तीन विषय समोर ठेवतो. तिन्ही विदर्भातलेच, पण रंगमंचावर तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिला बाबुराव शेडमाके. अहेरी भागातल्या किष्टापूरचा गोंड जमीनदारपुत्र, जन्म १८३३ चा. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी कंपनीने नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा मुलूख तिच्या हाती गेला. १८५७ च्या सप्टेंबरात बाबुरावाने गोंड तरुणांची जंगोम सेना उभी केली, मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला कंपनीच्या फौजेशी लढला. सप्टेंबरात पकडला गेला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. वय पंचवीस.

नाटककाराला याहून तयार कथानक मिळायचं नाही. जंगल आहे, लढाया आहेत, फितुरी आहे, आणि प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेल्या दंतकथाही आहेत. दुसरी सोय अशी की त्या वेळचं जे लिहून ठेवलं गेलं ते बहुतेक कंपनीच्या दप्तरात. बाबुराव घरी आईशी काय बोलला, सोबत्यांशी कशावरून भांडला, ही सगळी जागा कल्पनेला मोकळी आहे.

पण दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, चिंचगुंडीची तारछावणी. २९ एप्रिलच्या त्या हल्ल्यात हॉल आणि गार्टलँड हे तारखात्याचे दोन गोरे मारले गेले. ते सैनिक नव्हते. हा प्रवेश नुसत्या जयघोषात उडवून लावू नका. रात्री शेकोटीपाशी सेनेतल्याच एखाद्या पोराला त्याबद्दल प्रश्न पडू द्या, नाटक तिथे खोल जाईल. दुसरं, अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. बाबुरावाला पकडून देण्याचा दोष तिच्याकडे जातो. तिला काळ्या साडीतली खलनायिका केलं की टाळ्या हमखास पडतात, पण चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन आणि हातची जमीनदारी, या दोहोंत सापडलेली बाई दाखवली तर जुलूम कसा माणसाच्या घरात शिरतो ते लोकांना दिसेल. शिवाय बाबुरावाच्या तोंडी दरबारी मराठी घालू नका. गोंडी जाणणारा माणूस तालमीला बसवा. झाडीबोलीत पाण्याला पानी आणि डोळ्याला डोरा म्हणणारं आपलं गाव खोटी भाषा लगेच ओळखतं.

पुसदबद्दल थोडक्यात. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. विळा हातात घेतलेला सत्याग्रही हे चित्र शेतकऱ्याला ताबडतोब भिडतं, मात्र तीन अंक भरतील एवढा संघर्ष त्या एका दिवसात मावत नाही. एकांकिकेला उत्तम, मंडईच्या रात्रभराच्या प्रयोगाला अपुरं.

आता चांदा जिल्ह्यातलं चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. गावात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं वातावरण, मोर्चा निघतो, पोलीस गोळीबार करतात, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडतो. जमाव पेटतो आणि चार सरकारी माणसं जिवानिशी जातात. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यावर रक्त सांडलं. बहुतेक लेखक पडदा इथेच पाडतात. माझ्या मते नाटक इथून सुरू होतं. तीन दिवसांनी लष्कर आलं, पुरुषांना धरून नेलं, आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. नागपूरहून महिलांचं शिष्टमंडळ गेलं, बायका बोलल्या, पण सरकार चौकशीला तयार नव्हतं. त्या चौकशीसाठी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी उपोषण धरलं. ते ६३ दिवस चाललं, जानेवारी १९४३ मध्ये सुटलं. या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या काँग्रेस कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे झटत राहिल्या.

आणि याच कथेत पुसदचे अणे पुन्हा भेटतात. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत होते. भन्साळी दिल्लीत त्यांच्याच घरी जाऊन उपोषणाला बसले. बारा वर्षांपूर्वी गवत कापून तुरुंगात गेलेला माणूस आणि त्याच्या दारात उपाशी बसलेला माणूस! हा एक प्रवेश लिहिता आला तर पुसदचं वेगळं नाटक करायची गरजच उरत नाही.

चिमूरची अडचण तिची जवळीक आहे. त्या घरांमधली नातवंडं आज प्रेक्षकांत बसलेली असतील. म्हणून ज्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत तेवढीच खरी ठेवा, बाकी साऱ्या पात्रांना कल्पित नावं द्या. अत्याचार रंगमंचावर दाखवू नका. मी एका गावात असा प्रवेश पाहिला आहे. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी माना खाली घातल्या आणि मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. बंद दार, बाहेर बुटांचा आवाज, आणि सकाळी विहिरीवर कोणी कोणाशी बोलत नाही, एवढं पुरतं. जमावाने मारलेली चार माणसंही लपवू नका.

खर्चाकडे पाहिलं तर चिमूर स्वस्त पडतं. एक चौक, एक घर, एक कचेरी, तीन पडद्यांत भागतं. शेडमाकेला जंगल, लढाया, बंदुका, भाले आणि भरपूर पोरं लागतात. पण पोरं गावात असतातच आणि त्यांना लढाई मनापासून आवडते. चिमूरला मात्र किमान तीन ताकदीच्या बाया हव्यात. बाहेरून प्रयोगापुरती आणलेली नटी दोन तालमींत हे पेलू शकत नाही.

तेव्हा मंडळ नवं असेल, पोरांचा भरणा असेल आणि लिहिणारा पहिल्यांदाच लिहीत असेल तर शेडमाके घ्या. गावातल्या तीन बाया महिनाभर तालमीला यायला राजी असतील तर दुसरा विचार न करता चिमूर घ्या, आणि संहिता त्यांच्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय एकही पडदा रंगवायला देऊ नका.