हलक्या पुलीपायी गेलेले 69,600 रुपये

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पंधरा वर्षं झाली, दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजतो आणि चुकीचे परत पाठवतो. म्हणूनच हे लिहायची सहा महिने लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात आमच्याच लाइनवरच्या एका पोराने विचारलं, "सर, अंडरड्राइव्ह पुली टाकू का? पिकअप वाढतो म्हणतात." अंडरड्राइव्ह पुली म्हणजे इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे मुख्य दांड्यावर, बसणारं बेल्टचं चाक, कंपनीच्यापेक्षा लहान आणि हलकं. त्याला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. आता इथे लिहितोय.

गाडी 2013 ची पेट्रोल, 1500 सीसी. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, दोष गाडीचा नाही. मोबाइलवर जाहिरात आली, मी चौकशी केली, मग रोज फोन सुरू झाले. हे कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. माणूस मराठीच, गोड बोलणारा. "दादा, कंपनी दोन किलोची लोखंडी पुली देते. आपली अमेरिकन बिलेट अ‍ॅल्युमिनियम, 680 ग्रॅम. दादा, आठ एचपी लिहून देतो." क्रँक पुली आणि मापाचा बेल्ट असा किट 18,500 रुपयांना. शिवाय त्याच्याच ओळखीच्या गॅरेजला फिटिंग, 2,200.

कल्पना मुळात खोटी नाही. क्रँकची पुली लहान केली की अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, वॉटर पंप हळू फिरतात आणि इंजिनवरचा थोडा भार कमी होतो. शर्यतीच्या गाड्यांत हे करतात. त्या गाड्या सिग्नलला एसी लावून वीस मिनिटं उभ्या राहत नाहीत, एवढाच फरक. आणि तो फरक मला कळत नव्हता असं नाही.

त्याने डायनोचा, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, ग्राफ पाठवला होता. एचपी आणि पाउंड-फूटमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर), दोन्ही रेषा एकाच स्केलवर. या दोन रेषा 5,252 आरपीएमलाच एकमेकींना छेदतात, ते गणितच तसं आहे, इंजिन कुठलंही असो. त्या ग्राफमध्ये त्या 4,000 च्या आसपास छेदत होत्या. म्हणजे ग्राफ कुणीतरी हाताने काढलेला. मी तो रात्री अकरा वाजता, जेवण झाल्यावर, मोबाइलवर मोठा करून पाहिला. 4,000 वर बोट ठेवलं. आणि "स्केल वेगळं असेल" असं स्वतःलाच सांगून पैसे पाठवले. ती रात्र अजून डोक्यातून जात नाही.

दुसरी संधी गॅरेजमध्ये मिळाली होती. कंपनीची पुली काढून पोराने माझ्या हातात दिली. मधला लोखंडी भाग, त्याच्याभोवती काळ्या रबराची कडी, बाहेर पुन्हा लोखंड. मी विचारलं, हे रबर कशाला? म्हणाला, "आवाज येऊ नये म्हणून असतं, साहेब." आवाजासाठी नसतं ते. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळली जाते आणि परत सुटते. तो पीळ ती रबराची कडी आणि बाहेरचं वजन मिळून शोषून घेतात. तो डँपर आहे. तो काढून जागी साधा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बसवला की तो सगळा पीळ क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप यांच्यावर जातो. तुमच्या पुलीत रबर दिसलं तर तिथेच थांबा. आणि जुनी पुली कधीही गॅरेजला सोडून येऊ नका. माझी आठवड्याने मागितली तर "भंगारात गेली" म्हणाले.

मग ठरल्यासारखं सगळं झालं. वाकडला ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा फेकू लागला, रात्री हेडलाइट मंद. मीटर लावला तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू), सगळं चालू असताना, 12.3 व्होल्ट, तिथे साधारण 14 हवेत. बॅटरी गेली: 5,650. चौथ्या महिन्यात हायवेवर खडखड आणि बेल्ट बाहेर. टोइंग 1,800. पुलीचं भोक ढिलं होतं, तिने क्रँकवरची चावीची (पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच खाल्ली होती. ते भोक मी नंतर मोजलं, 0.12 मिलिमीटर मोठं. माझ्या टेबलावर आलं असतं तर दहा सेकंदांत रिजेक्ट झालं असतं. इंजिनचं काम 34,300, कंपनीची नवीन पुली 7,150. किट आणि फिटिंग धरून एकूण 69,600 रुपये. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते. लोक म्हणतील हौस नडली. अकरा वर्षं एकच गाडी सांभाळून वापरली, एक हौस केली, तर त्यात गुन्हा काय होता?

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी दीड तास बसवलं. "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा सिव्हिल मॅटर." दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब: "ऑनलाइन आहे, सायबरला जा." सायबरला गेलो तर म्हणे वस्तू हातात आली म्हणजे सायबर नाही, चौकीत जा. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ऑनलाइन तक्रार केली, नंबर आला, एकवीस दिवसांनी "निकाली" असा मेसेज. काय निकाली? मला एक फोनसुद्धा नाही. चौकीत एकाने पुली हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "चांगली चमकते की." मी उठून आलो. माणूस कष्टाचा पैसा घालवून दारात उभा आहे आणि प्रत्येक टेबल त्याला पुढच्या टेबलाकडे ढकलतंय. ठग पळून जातात ते त्यांच्या हुशारीने नाही, या ढकलाढकलीमुळे.

बिल तपासा. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. माझ्या बिलावरच्या नंबरात 14च अक्षरं होती. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नाव दिसतं, फुकट. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी तिथे जाणार आहे, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि बिलावरच्या पत्त्यावर पिठाची गिरणी आहे. पैसे घेऊन वस्तूच आली नाही तर मात्र वेळ न घालवता 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

परवा तोच ग्राफ दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. किंमत आता 16,999. रेषा अजून 4,000 वरच छेदतात.